मुलगी दर शनिवारी सुळक्यावर जाते, तिला तिथं मिळतं तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पंचविशीची, पुण्यात नोकरी करते आणि गेली तीन वर्षं ऑक्टोबर ते मे एकही शनिवार-रविवार घरी नसते. पगारातला चांगला भाग दोर आणि बुटांवर जातो. लग्नाचा विषय काढला की ‘हा सीझन जाऊ दे’ म्हणते. जिवावर उदार होऊन ही मुलं काय मिळवतात, आणि आईवडिलांनी काळजी किती करायची, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. दोन्हींचं उत्तर ती तिथं जाऊन नेमकं काय करते यातच आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

‘जिवावर उदार’ हे शब्द मात्र आधी बाजूला ठेवा. चारशे फुटांच्या सुळक्यावर पूर्ण दिवस घालवलेल्या माणसाचे हात प्रत्यक्ष कातळावर असतात जेमतेम दोन-अडीच तास. बाकीचा वेळ जातो अँकर म्हणजे दोराचे पक्के आधार बांधण्यात, दोर सोडवण्यात, जोडीदाराला बिले देण्यात, म्हणजे तो चढत असताना त्याचा दोर सांभाळण्यात, गाठी तपासण्यात आणि वाट बघण्यात. हे बाकीचे तास ज्याला कंटाळवाणे वाटतात तो दोन सीझनमध्ये गळतो. फोटोसाठी आलेले त्याआधीच गळतात. तीन वर्षं टिकलेल्या मुलीला हे तास आवडायला लागलेले असतात. पुढचं सगळं तिथून समजायला लागतं.

सह्याद्रीचा कातळ सरळ नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे एकावर एक बसलेले थर. एक थर लोखंडासारखा घट्ट, त्यावरचा गाठी-पोकळ्यांनी भरलेला, मध्येच लालसर मातकट पट्टा. त्यामुळे एकाच सुळक्यावर पन्नास फूट पक्का दगड आणि पुढचे वीस फूट हातात निघून येणारा, असं होतं. हंपीच्या ग्रॅनाइटवर तयार झालेला भारी क्लाइंबरसुद्धा इथं पहिल्या दिवशी बिचकतो, कारण इथं ताकदीआधी पारख लागते. पकड घेण्यापूर्वी तळहाताने दगडावर थाप मारायची. आवाज ठणठणीत आला तर तो मागच्या कातळाशी एकजीव आहे. बद्द आला तर मागे पोकळी आहे. तसा दगड वापरायचाच असेल तर खाली दाबून वापरायचा, स्वतःकडे ओढायचा नाही. ओढला की खणासारखा बाहेर येतो, आणि खाली जोडीदार उभा असतो. म्हणूनच हेल्मेट कड्याच्या तळाशी पोचून घालायचं नसतं, घसाऱ्यात, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारात, शिरण्याआधीच घालायचं असतं. दगड पडायला तुमची चढाई सुरू व्हावी लागत नाही. वरून एखादं माकड गेलं तरी पुरे.

आता लीड म्हणजे काय ते बघा, कारण मुलीचा सगळा जीव तिथं गुंतलेला असणार. लीड करणारी पहिली वर जाते. तिच्या वर दोर नसतो, खाली असतो. वाटेत कातळात ठोकलेला बोल्ट असेल तिथं, किंवा भेगेत चोक नट म्हणजे धातूची पाचर बसवून, ती दोर अडकवत जाते. शेवटच्या बोल्टच्या १० फूट वर असताना हात सुटला तर ती १० फूट नाही, २० फूट पडते. शिवाय दोराचा ताण आणि ढील मिळून आणखी काही फूट. चढाईचा दोर नायलॉनचा आणि ताणला जाणारा असतो. झटका शरीराला न देता स्वतःत जिरवायचा, हेच त्याचं काम. हा झटका किती बसेल हे नुसत्या पडण्याच्या उंचीवर ठरत नाही. पडण्याची लांबी भागिले सोडलेल्या दोराची लांबी, हे गुणोत्तर महत्त्वाचं. त्याला फॉल फॅक्टर म्हणतात. ६० फूट दोर सोडलेला असताना २० फूट पडलात तर गुणोत्तर एक-तृतीयांश; दोर हे सहज झेलतो. पण तेच स्टेशनवरून, म्हणजे कड्यावर अँकर बांधून बिले देतात त्या जागेवरून, निघाल्या निघाल्या, मध्ये एकही बोल्ट न लावता, १० फुटांवरून निसटलात तर पडणं तेवढंच २० फूट, झेलायला दोर मात्र १० फूट. गुणोत्तर २. नेहमीच्या चढाईत याहून वाईट झटका नाही, आणि तो सगळा थेट स्टेशनवर आणि बिले देणाऱ्याच्या हातावर येतो. म्हणून अनुभवी लीडर स्टेशन सोडल्यावर पहिल्या दोन-तीन फुटांत काहीतरी लावतोच, कातळ कितीही सोपा असो. नवखे सोप्या जागी लावत नाहीत, अवघड जागी लावतात. अपघात सोप्या जागी होतात.

दुसरी गोष्ट सह्याद्रीची खास. इथं कड्याला टप्पे फार. हिशोबाने दोर झेलणार असतो, पण त्याआधी पाय टप्प्यावर आपटतो आणि घोटा जातो. त्यामुळे ‘दोर आहे ना’ हे उत्तर अपुरं आहे. चांगला लीडर प्रत्येक चालीआधी मनात विचारतो: आत्ता सुटलो तर कुठे थांबेन? उत्तर ‘हवेत’ असेल तर पुढे जायला हरकत नसते. ‘त्या टप्प्यावर’ असेल तर तो खाली येतो, नाहीतर आणखी एक नट बसवतो.

तुमच्या मुलीला काय मिळतं ते या प्रश्नात आहे. एक जागा डोळ्यासमोर आणा. डाव्या हाताला बोटाच्या पहिल्या पेराएवढी खाच, उजव्याला काही नाही. पाय वाटाण्याएवढ्या एका गाठीवर, बुटाचा फक्त पुढचा कोपरा टेकलेला. खाली दोनशे फूट मोकळी हवा. इथं हात वाकवून स्वतःला कातळाला चिकटवलं की कोपरापुढचे हात मिनिटभरात फुगतात, बोटं उघडायला लागतात, पिंढरी शिलाईच्या मशिनसारखी थरथरते. सुटका उलट वागण्यात असते: हात सरळ करून हाडांवर लटकायचं, कंबर कातळाजवळ आणायची, टाच खाली सोडायची, एक लांब श्वास सोडायचा आणि मग नजर पायाकडे न्यायची. तेव्हा गुडघ्याच्या उंचीवर, मघापासून तिथंच असलेली, दुसरी गाठ दिसते. भीती जात नाही. भीती असताना नीट बघता येतं, हे कळतं. ऑफिसात, लोकलमध्ये, फोन हातात असताना माणसाचं लक्ष दहा ठिकाणी असतं. इथं ते एका वाटाण्यावर असतं, आणि त्या एकाग्रतेची सवय लागलेल्या माणसाला ती दुसरीकडे सहजी सापडत नाही. दृष्टिभय, म्हणजे खोली बघून वाटणारी भीती, तीही सरावाने अशीच आवाक्यात येते. खालची पोकळी दिसत राहते, पण ती पायांना हुकूम सोडत नाही.

याला थरार म्हणणं मला पटत नाही. थरार पाळण्यातही मिळतो, तिकीट काढून.

आठवड्याचे बाकी दिवसही याच कामाला लागलेले असतात. बोटांमध्ये स्वतःचे असे स्नायू जवळजवळ नसतात. ताकद कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असते आणि कंडरा ती बोटांपर्यंत नेतात. त्या कंडरांना हाडाशी धरून ठेवणारे छोटे पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात. स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात, कंडरा आणि पुली कितीतरी हळू. नवखी मुलं नेमकी इथं फसतात. अंगात जोर आलेला असतो, बोटं अजून तयार नसतात, आणि एखाद्या बारीक पकडीवर पाय सटकून सगळा भार बोटांवर आला की ‘टक्’ असा आवाज येतो. बहुतेक वेळा अनामिका किंवा मधलं बोट. मग कित्येक आठवडे, कधी अख्खा सीझन, घरी. म्हणून हँगबोर्डवर, म्हणजे बोटांनी लटकायच्या फळीवर, लटकण्याचा सराव पहिली एक-दोन वर्षं करायचाच नसतो. त्यानंतरही २० मिलिमीटरची कड, १० सेकंद लटकणं, ३ मिनिटं विश्रांती, असे पाच-सहा फेरे, आठवड्यातून दोनदा. जास्त करून फायदा नाही. मुलगी दाराच्या चौकटीखाली हात झटकत टीव्ही बघत उभी असेल तर त्या ३ मिनिटांच्या विश्रांतीत आहे असं समजा.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, गवत माजतं, दगड मोकळे होतात. ते चार महिने कृत्रिम भिंतीवर जातात. भिंतीवरचं क्लाइंबिंग आता स्वतंत्र खेळ झाला आहे. २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवरच्या अवघड चढाईच्या, विश्वचषकाची एक फेरी नवी मुंबईत झाली. ती भरवली गिरिविहारने, म्हणजे १९५४ पासून डोंगरात असलेल्या मुंबईच्या संस्थेने. टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्येही आहे. काही जण इथंच रमतात आणि सुळक्यांकडे फिरकत नाहीत. त्यांची ओढ वेगळी: एकच अवघड मार्ग, महिनोन्महिने. असे लोक हिवाळ्यात बदामीला दिसतात. तिथला वालुकाश्म पक्का, बोल्ट जवळजवळ, पडलं तरी बहुतेक ठिकाणी हवेतच. तिथल्या ‘गणेश’ नावाच्या ८बी+ दर्जाच्या, म्हणजे फार अवघड समजल्या जाणाऱ्या, मार्गावर पुण्याच्या तुहीन सातरकरने यश मिळवलं. अशा मार्गावर माणूस एकाच चालीवर पन्नास वेळा पडतो, बोटांची कातडी जाते, रात्री नखं कापतो, कातडीचे उंचवटे घासून सपाट करतो, मलम लावतो आणि एक दिवसाआड परत येतो. बाहेरून हा हट्ट दिसतो. आत प्रत्येक पडण्यात एक बारीक दुरुस्ती चालू असते: डावा पाय दोन बोटं वर, कंबर जरा आधी वळवायची.

सुळकेवाल्यांची ओढ शोधाची. तैलबैल्याच्या भिंती, जीवधनशेजारची वानरलिंगी, रायगडासमोरचा लिंगाणा, मनमाडजवळची हडबीची शेंडी, हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा: यांच्यावर चढाया झाल्या आहेत, पण नव्या रेषा अजून आहेत. नवी रेषा म्हणजे महिनाभर रविवारी दुर्बीण घेऊन पायथ्याशी बसणं, कुठे भेग आहे, कुठे लाल पट्टा, सावली किती वाजता येते हे टिपणं. मग एखाद्या ठिकाणी दोरीच्या शिडीवर लटकून हाताने बोल्टचं भोक पाडणं. घट्ट बसाल्टमध्ये १० मिलिमीटरचं एक भोक पाडायला अर्धा तास सहज जातो: घाव, जरासं वळवणं, घाव. भोक कातळाला काटकोनात हवं, भेगेपासून आणि कडेपासून किमान वीतभर लांब, आणि शेवटी नळीने फुंकून धूळ काढायलाच हवी. धूळ राहिली की बोल्टची बाही आत फुगून धरत नाही. वरून तो अगदी नीट बसल्यासारखा दिसतो, आणि हेच भयंकर आहे, कारण पुढची वीस वर्षं अनोळखी मुलं त्यावर लटकणार असतात. चांगला बोल्ट मारणं ही न बघितलेल्या माणसाची घेतलेली काळजी आहे, आणि ते काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

जोडीदाराबद्दल घरी कमी बोललं जातं, खरं तर तीच या आयुष्यातली मोठी गोष्ट. दोराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस डोळ्यांना दिसत नाही, वाऱ्यात ऐकूही येत नाही. त्यामुळे ‘स्लॅक’ (दोर सैल सोड), ‘टेक’ (दोर ताण), ‘ऑफ बिले’ (आता बिले काढ) या हाका आधी ठरवायच्या, आणि आवाज पोचला नाही तर दोराचे किती हिसके म्हणजे काय तेही. नुसतं ‘ओके’ ओरडायला मनाई, कारण ओके म्हणजे पोचले, थांब, की सोड, हे खालच्याला कळत नाही. त्यात दोर सुटून माणसं गेली आहेत. चढण्याआधी दोघांनी एकमेकांना हात लावून तपासायचं: हार्नेसचं म्हणजे कमरपट्ट्याचं बक्कल, आठाची गाठ, बिले डिव्हाइसमधला दोर, कॅराबिनरचं म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं कुलूप, दोराच्या मोकळ्या टोकाची गाठ. वीस वर्षांच्या अनुभवी माणसालासुद्धा नवख्या मुलीने तपासायचं, आणि त्याने रागवायचं नाही.

जोडीचं एक उदाहरण अमेरिकेतल्या योसेमिटीचं. एल कॅपिटन या कड्याच्या डॉन वॉल नावाच्या भिंतीवर २०१४ च्या डिसेंबर अखेरीस टॉमी कॉल्डवेल आणि केविन जॉर्गसन चढायला लागले. जॉर्गसन १५व्या पिचवर, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या चढाईवर, अडकला. बोटांची कातडी फाटलेली, सात दिवस तो पुन्हा पुन्हा पडत राहिला. कॉल्डवेलला स्वतःचं एक बोट अपघातात गमावून बरीच वर्षं झाली होती, आणि या भिंतीसाठीही त्याने वर्षं घातली होती. तो एकटा माथा गाठू शकत होता. तो थांबला. १४ जानेवारी २०१५ ला दोघं मिळून वर पोचले. अशा माणसासोबत बांधून घेण्याची सवय झाली की बाकीची नाती त्याच मापाने मोजली जातात. लग्नाच्या विषयात मुलगी चोखंदळ वाटत असेल तर ही बाजूही लक्षात घ्या.

पैशांचं पटकन सांगतो. चांगला ६० मीटरचा दोर साधारण १२ ते २० हजार, बूट ६ ते १२ हजार, हार्नेस, हेल्मेट, बिले डिव्हाइस मिळून आणखी दहाएक हजार. दोर दर आठवड्याला वापरला तर उत्पादकांच्या सांगण्यानुसार साधारण वर्षभर, महिन्यातून एखादवेळी वापरला तर पाचेक वर्षं, आणि न वापरता कपाटात ठेवला तरी जास्तीत जास्त दहा. एखादं मोठं पडणं झेललं, कुठे मऊ पडला किंवा आतला पांढरा गाभा दिसला तर त्याच दिवशी बाद. म्हणून तिने गेल्या वर्षीचा ‘चांगला दिसणारा’ दोर काढून टाकला तर उधळपट्टी म्हणू नका. तोच दोर कपडे वाळत घालायला वापरा, म्हणजे चुकून परत डोंगरात जाणार नाही.

आता काळजीचा प्रश्न. काळजी करायलाच हवी, फक्त योग्य जागी. घरचे चढण्याला घाबरतात. मुरलेले लोक उतरण्याला घाबरतात. चढताना चूक झाली तर दोर झेलतो. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून उतरताना, पूर्ण भार एका अँकरवर आणि एका डिव्हाइसवर असतो, माथा झालेला असतो, अंग दमलेलं, पाणी संपलेलं, उजेड उतरलेला. दोराची दोन टोकं असमान राहतात आणि माणूस छोट्या टोकावरून खाली घसरतो. वर्षानुवर्षं पावसात गंजलेल्या एकाच बोल्टवर सगळे उतरतात. केस किंवा ओढणीसारखं काही डिसेंडरमध्ये, म्हणजे त्या उतरण्याच्या डिव्हाइसमध्ये, अडकतं. दोर ओढून घेताना झुडपात गुंततो, आणि जोरात खेचला की दगड घेऊनच खाली येतो. यातल्या बहुतेकांवर उपाय साधे आहेत: दोन्ही टोकांना गाठ, दोन स्वतंत्र अँकर, डिव्हाइसखाली ६ मिलिमीटरच्या दोरीचा प्रुसिक, म्हणजे भार आला की दोरावर आवळून बसणारी गाठ, जिच्यामुळे हात सुटला तरी माणूस थांबतो, आणि शेवटचा माणूस निघण्याआधी कुठला दोर ओढायचा ते मोठ्याने बोलून ठरवणं.

यापलीकडे दोन गोष्टी. सुळक्यावर पाणी नसतं, त्यामुळे माणशी चार-पाच लिटर वाहून न्यावं लागतं. मार्चनंतर दुपारी कातळ इतका तापतो की बोटं टेकवत नाहीत आणि बुटाचं रबरही नीट धरत नाही. अकरा वाजता माथ्यावरून उतरायला लागलेली टोळी शहाणी. दुसरी गोष्ट आग्या मोहोळाची. कड्याच्या कपारींत ही पोळी असतात, आणि धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. पोळं दिसलं तर त्या बाजूची चढाई रद्द, चर्चा नाही.

या सगळ्यात मदतीची एक फळी आहे, ती ध्यानात असू द्या. डोंगरात कुणी अडकलं की लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांच्यासारख्या संस्थांची मुलं रात्री-अपरात्री निघतात, आणि राज्यभरच्या अशा संस्थांना जोडणारं एक समन्वय केंद्रही आहे. हे करणारे बहुतेक पगारी नाहीत. तुमच्या मुलीसारखेच नोकरदार आहेत, सोमवारी कामावर जाणारे. बरेच जुने क्लाइंबर शेवटी या कामात येऊन स्थिरावतात. हातातल्या कसबाचा कुणाला तरी उपयोग होतो, ही ओढही या आयुष्यात मोठी आहे.

तेव्हा शुक्रवारी रात्री ती सॅक भरत असताना ‘जाऊ नकोस’ म्हणण्याऐवजी तीन गोष्टी विचारा: कुठला सुळका आणि पायथ्याचं गाव कोणतं, दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर आम्ही कुणाला फोन करायचा. हे कागदावर लिहून घ्या. आणि रविवारी रात्री ती परत आली, चहा झाला, हात धुऊनही नखांत काळं राहिलेलं दिसलं, की माथ्यावर काय दिसलं हे विचारण्याआधी उतरताना टोकाला गाठ मारली होती का, ते विचारा.